तीन बाजूंनी पाणी, चौथीकडे डोंगर

जर्मनीच्या नकाशात द्वीपकल्पं शोधायला बसलं की नजर आपोआप उत्तरेला जाते. बाल्टिक समुद्राकाठचं डार्स, ऱ्युगेन बेटाला चिकटलेलं म्योन्शगुट, उत्तर समुद्रात घुसलेलं आयडरश्टेट. सगळी सखल आणि वाऱ्याने झोडपलेली जमीन. दक्षिणेला समुद्रच नाही, आहेत ते आल्प्स. तरीही या देशातलं सगळ्यात विलक्षण द्वीपकल्प दक्षिणेच्या अगदी काठावर आहे, आणि ते गोड्या पाण्यात आहे. त्याचं नाव होरी.

जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया या तीन देशांच्या मध्ये बोडेनझे हे सरोवर पसरलं आहे. आपल्याकडच्या इंग्रजी नकाशांत ते लेक कॉन्स्टन्स या नावाने दिसतं. क्षेत्रफळ सुमारे 536 चौरस किलोमीटर, समुद्रसपाटीपासूनची उंची 395 मीटर, आणि सगळ्यात खोल जागी 251 मीटर पाणी. हे खरं तर एक सरोवर नाही, दोन आहेत. पूर्वेचं मोठं आणि खोल ते ओबरझे, म्हणजे वरचं. पश्चिमेचं लहान आणि उथळ ते उंटरझे, म्हणजे खालचं. ऱ्हाईन नदी आधी ओबरझेमध्ये शिरते, कॉन्स्टान्झ शहरापाशी पुन्हा नदी होऊन जेमतेम चार किलोमीटर वाहते आणि मग उंटरझेत विसावते. या खालच्या सरोवराचे पश्चिमेकडे फाटे फुटतात. त्यातल्या उत्तरेच्या फाट्याला त्सेलरझे म्हणतात. तो आणि दक्षिणेचा ऱ्हाईनचा फाटा यांच्यामधून जो डोंगराळ भाग पूर्वेला पाण्यात घुसतो, तीच होरी.

उत्तरेला, पूर्वेला आणि दक्षिणेला पाणी. पश्चिमेला सुमारे 700 मीटर उंचीचा शीनर बेर्ग हा डोंगर, म्हणजे सरोवराच्या पातळीपासून 300 मीटरचा चढ. दक्षिणेच्या पाण्यापलीकडे दीडेक किलोमीटरवर स्वित्झर्लंड. नैर्ऋत्येला जिथे सरोवर आवळत जाऊन पुन्हा नदी होतं, तिथे नदीच्या उत्तर काठावरही श्टाइन आम ऱ्हाईन हे स्विस गाव बसलं आहे. त्यामुळे होरीतून जमिनीवरून बाहेर पडायला जर्मन वाट एकाच दिशेला, वायव्येकडे मोकळी राहते. रेल्वेने तर होरी वगळलीच. राडोल्फत्सेल ते झिंगेन हा लोहमार्ग द्वीपकल्पाच्या उत्तरेकडूनच निघून जातो. मोस, इत्सनांग, होर्न, गायनहोफेन, हेमेनहोफेन, वांगेन, ओहनिंगेन ही काठावरची गावं आणि डोंगरावरचं शीनेन आजही रस्त्याने आणि बोटीनेच जोडलेली आहेत.

किलोमीटर मोजले तर ही जागा लांब नाही. झुरिचपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. होरीचा दुर्गमपणा अंतराचा नाही, ती कुणाच्याच वाटेवर पडत नाही म्हणून आहे. इथे यायचं तर मुद्दाम यावं लागतं. अशा आडबाजूच्या जागेत वस्तू, माणसं आणि सवयी जगाच्या रहदारीतून सुटतात आणि टिकून राहतात. कधी एक कोटी वर्षं, कधी सहा हजार, कधी फक्त बारा. पण ही आडबाजू सगळ्यांनाच सारखा आसरा देत नाही, हेही होरीनेच दाखवून दिलं आहे.

सह्याद्रीचा दगड जमिनीच्या पोटातून लाव्हा होऊन वर आला. होरीचा दगड वरून वाहत आला. आल्प्स पर्वत उंच होत होता तेव्हाच पाऊस आणि नद्या त्याला झिजवतही होत्या. पर्वताच्या उत्तर पायथ्याशी खचलेल्या लांबलचक खोलगटात ही झीज कोट्यवधी वर्षं साचत राहिली: वाळू, गाळ, गोटे. कधी तिथे उथळ समुद्र असे, कधी गोड्या पाण्याची तळी आणि नद्यांची मैदानं. या साचलेल्या थरांना भूशास्त्रात मोलास म्हणतात. शीनर बेर्ग हा त्यातल्या सगळ्यात वरच्या, गोड्या पाण्यातल्या थरांचा डोंगर आहे. हा दगड मऊ असतो. पाण्याने सहज कापला जातो आणि पावसाळी वर्षात घसरतो. म्हणून होरीच्या उतारांवर आणि शेजारच्या बोडानरुक या मोठ्या द्वीपकल्पावर खोल, अरुंद, झाडीने भरलेल्या घळी आहेत. बोडानरुकच्या उत्तर कड्यातली मारियनश्लुख्ट ही त्यांतली सगळ्यात प्रसिद्ध. 2015 च्या मे महिन्यात तिथे दरड कोसळून एका व्यक्तीचा जीव गेला आणि ती घळ पुढे कित्येक वर्षं लोकांसाठी बंद राहिली. पायथ्याच्या हिरवळीकडे बघून हा मुलूख सौम्य वाटतो, पण तो अजून स्थिर झालेला नाही.

पश्चिमेला हेगाउचा प्रदेश लागतो. तिथे सुमारे दीड कोटी ते सत्तर लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखी जागे होते. त्यांच्या नळ्यांत थिजलेला कठीण दगड आज एकेकट्या सुळक्यांसारखा उभा आहे. झिंगेन शहरावरचा 686 मीटर उंचीचा होहेनट्वील हा त्यातला सगळ्यात नजरेत भरणारा. त्यांच्याभोवतीचा मऊ भाग खरवडून नेला तो बर्फाने. शेवटच्या हिमयुगात, साधारण 24 हजार वर्षांपूर्वी, ऱ्हाईनच्या दरीतून उतरलेली हिमनदी या सगळ्या प्रदेशावर पसरली होती आणि पश्चिमेला पार शाफहाउझेनच्या पुढे गेली होती. बर्फाने जिथे खोल खणलं तिथे आज सरोवराचे फाटे आहेत. जे उंचवटे त्याला पुरते खणता आले नाहीत, ते द्वीपकल्पं होऊन उरले. बोडानरुकवर त्याच बर्फाने घडवलेल्या लांबट टेकड्यांच्या रांगाच्या रांगा दिसतात, आणि त्या टेकड्या ज्या दिशेने लांबट आहेत ती बर्फाच्या प्रवासाची दिशा.

पण होरीची खरी कीर्ती बर्फाच्या कितीतरी आधीची आहे. शीनर बेर्गच्या दक्षिण उतारावर, ओहनिंगेनच्या वर, चुनखडीच्या जुन्या खाणी आहेत. तिथला पातळ थरांचा दगड सुमारे एक कोटी तीस लाख वर्षांपूर्वी एका शांत तळ्याच्या बुडाशी साचला. पानं, मासे, कीटक, कासवं, जे जे तळ्यात पडलं ते बारीक गाळात दाबलं गेलं आणि शाबूत राहिलं. झुरिचचा वनस्पतिशास्त्रज्ञ ओस्वाल्ड हेर याने एकोणिसाव्या शतकात इथली शेकडो प्रकारची पानं आणि कीटक ओळखून त्यांचं वर्णन केलं. दालचिनी आणि कापूर ज्या कुळातले, त्याच कुळातल्या झाडांची पानं त्याला इथे सापडली. आज जिथे सफरचंदं पिकतात तिथे एके काळी उबदार, जवळजवळ उष्ण कटिबंधासारखं हवामान होतं, हे त्याने पानांच्या आधारे मांडलं. पृथ्वीचं हवामान बदलत आलं आहे हे झाडांच्या पानांवरून वाचण्याची विद्या ज्या थोड्या ठिकाणी घडली, त्यात ओहनिंगेनची खाण आहे.

त्याच्याही आधी, 1725 साली, इथून एक दगड झुरिचला योहान याकोब शॉइख्त्सर या डॉक्टरच्या हाती गेला. त्यात साधारण मीटरभर लांबीचा सांगाडा होता: रुंद चपटी कवटी, डोळ्यांच्या मोठ्या खोबण्या आणि मागे मणक्यांची सरळ माळ. शॉइख्त्सर साधा माणूस नव्हता. आल्प्समध्ये भटकून त्याने उंची, हवामान, दगड, झाडं यांच्या नोंदी केल्या होत्या, आणि जीवाश्म म्हणजे निसर्गाने दगडात केलेला खेळ नसून खरोखर जगलेले प्राणी आहेत, असं ठामपणे सांगणाऱ्या पहिल्या पिढीतला तो होता. फक्त ते सगळे बायबलमधल्या महाप्रलयात बुडून मेले, अशी त्याची श्रद्धा होती. प्रलयात बुडालेले मासे मिळाले, शिंपले मिळाले, पानं मिळाली. ज्याच्या पापामुळे प्रलय आला तो माणूस मात्र मिळाला नव्हता. ओहनिंगेनच्या दगडात त्याला तो दिसला. 1726 मध्ये त्याने चित्रासकट एक पत्रक छापून जाहीर केलं की हा प्रलयाचा साक्षीदार असलेला माणूस आहे.

पुढची 85 वर्षं या दगडाभोवती वाद चालला. कुणी म्हणालं हा मोठा मासा, कुणी म्हणालं हा सरडा. 1802 मध्ये हॉलंडमधल्या हारलेम शहरातल्या टेलर संग्रहालयाने तो विकत घेतला. 1811 मध्ये फ्रान्सचा शरीररचनाशास्त्रज्ञ जॉर्ज कुव्हिए तिथे पोचला. हा सॅलॅमँडरच्या जातीचा उभयचर प्राणी आहे, असं त्याचं मत आधीच झालेलं होतं. तसं असेल तर दगडाच्या अजून न कोरलेल्या भागात आखूड पुढचे पाय असायला हवेत. संग्रहालयाने परवानगी दिली. कुव्हिएने सॅलॅमँडरच्या सांगाड्याचं चित्र शेजारी ठेवलं आणि दगड हळूहळू कोरायला घेतला. पाय निघाले, आणि जिथे असायला हवे होते तिथेच निघाले.

विज्ञानाच्या इतिहासातला हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. आधी भाकीत, मग छिन्नी. त्या वेळी युरोपात एवढा मोठा जिवंत सॅलॅमँडर कुणी पाहिलेलाही नव्हता. जपानमधला महाकाय सॅलॅमँडर फिलिप फ्रान्स फॉन झीबोल्ड याने हॉलंडला आणला तो त्यानंतर वीसेक वर्षांनी. ओहनिंगेनच्या प्राण्याला शास्त्रीय नाव मिळालं आंद्रियास शॉइख्त्सरी. ज्याने चुकीचं ओळखलं पण जपून ठेवलं, त्याचंच नाव त्याला कायमचं चिकटलं. दगड आजही हारलेमला आहे, आणि कुव्हिएने कोरून काढलेले ते पुढचे पाय त्यात दिसतात.

आता पाण्याकडे वळू. बोडेनझेच्या मुख्य सरोवराला धरण नाही. पाण्याची पातळी माणूस ठरवत नाही, आल्प्स ठरवतात. आपल्याकडे धरणं पावसाळ्याच्या शेवटी भरतात. इथे सरोवर जून-जुलैत भरतं, कारण तेव्हा आल्प्सवरचा बर्फ वितळून ऱ्हाईनमधून खाली येतो. हिवाळ्यात सगळं पाणी डोंगरावर गोठून राहतं, म्हणून फेब्रुवारीच्या सुमाराला पातळी सगळ्यात खाली जाते. या दोन टोकांमध्ये साधारण दीड मीटरचा फरक पडतो. किनारा उतरता असला तर दीड मीटर म्हणजे शेकडो पावलांची जमीन. ती वर्षातून काही महिने सरोवराची असते आणि काही महिने कोरडी.

या पट्ट्यात एक लहानसं निळं फूल येतं. बोडेनझेचं ‘मला विसरू नकोस’ (फर्गेट-मी-नॉट) फूल म्हणता येईल असं हे रोप बोटभर उंचीचं, दाट आणि जमिनीला चिकटून वाढणारं आहे. एप्रिल-मेमध्ये, पाणी चढायच्या आत, ते घाईने फुलतं. मग उन्हाळाभर पाण्याखाली जातं आणि तिथेही जिवंत राहतं. दुसऱ्या वनस्पतींना ही बुडी सोसत नाही, म्हणून खडीच्या किनाऱ्यावर त्याला स्पर्धक उरत नाहीत. किनाऱ्यावर बांधाच्या भिंती उभ्या राहिल्या की पाणी चढायला-उतरायला जागा राहत नाही आणि हे फूल संपतं. सरोवराभोवती ते आता मोजक्याच जागी उरलं आहे.

एखाद्या वर्षी हा क्रम बिघडतो. 1815 मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि त्याच्या राखेने व वायूंनी पुढच्या वर्षी युरोपचा उन्हाळाच हिरावून घेतला. 1816 मध्ये आल्प्सवरचा बर्फ पुरता वितळलाच नाही. त्यावर दुसऱ्या हिवाळ्याचा बर्फ पडला आणि 1817 च्या उन्हाळ्यात दोन वर्षांचं पाणी एकदम खाली आलं. कॉन्स्टान्झला नोंदलेली सर्वांत मोठी पातळी त्या वर्षीची आहे. उलट टोक म्हणजे 1963 चा हिवाळा. तेव्हा 251 मीटर खोलीचं हे सगळं सरोवर गोठलं आणि लोक चालत देश ओलांडून गेले. उथळ उंटरझे मात्र त्याहून बऱ्याच जास्त वेळा गोठतं. होरीच्या म्हाताऱ्या माणसांना बर्फावरून पलीकडच्या स्विस गावी गेल्याच्या आठवणी सांगायला 1963 पर्यंत मागे जावं लागत नाही.

खाली गेलेल्या पाण्याने आणखी एक गोष्ट उघडी पाडली. 1853-54 च्या हिवाळ्यात झुरिचच्या सरोवराचं पाणी खूप उतरलं. चिखलात उभ्या लाकडी खांबांच्या रांगा दिसल्या आणि फर्डिनांड केलर या अभ्यासकाने त्या प्रागैतिहासिक वस्तीच्या असल्याचं ओळखलं. ही बातमी होरीतल्या वांगेनपर्यंत आली. तिथला शेतकरी कास्पार लोहले याला आपल्या गावच्या किनाऱ्यावर अशाच वस्तू सापडत होत्या. 1856 पासून त्याने तिथे खणायला सुरुवात केली, आणि बोडेनझेच्या जर्मन काठावरची खांबांवरची पहिली वस्ती उजेडात आली.

पुढे द्वीपकल्पाच्या टोकाला होर्नश्टाडमध्ये त्याहून जुनी वस्ती मिळाली. ती ख्रिस्तपूर्व 3900 च्या आसपासची आहे, म्हणजे मोहेंजोदडोच्या हजाराहून जास्त वर्षं आधीची. तारीख इतकी नेमकी सांगता येते कारण खांब लाकडाचे आहेत आणि लाकडातल्या वार्षिक वलयांचा क्रम मोजून झाड कोणत्या वर्षी तोडलं ते कळतं. हवा न लागलेल्या गाळात लाकूड, धागा, बिया, फळं सगळं टिकलं. त्या गावाला आग लागली आणि ती आग आपल्याला फार उपयोगी पडली. जळून काळा झालेला गहू कणसासकट मिळाला, जवस मिळालं, रानटी सफरचंदं मिळाली. त्याच्या जोडीला गारगोटीची हजारो बारीक टोकं होती. काडीला बांधून फिरवायची, चुनखडीला भोक पाडायचं आणि लांबट मणी करायचे, असा धंदा तिथे चालत होता. मण्यांचे कारखानेच म्हणावेत इतकं साहित्य सापडलं आहे. तिथेच एक तांब्याची चकती मिळाली. त्या काळी या भागात तांबं गाळलं जात नव्हतं, म्हणजे ती दूरवरून आलेली वस्तू. आडबाजूच्या या किनाऱ्याचे हात सहा हजार वर्षांपूर्वी कुठवर पोचले होते याचा तो पुरावा आहे. 2011 मध्ये युनेस्कोने आल्प्सभोवतीच्या सहा देशांतल्या अशा 111 वस्त्यांना एकत्र जागतिक वारसा जाहीर केलं. वांगेन आणि होर्नश्टाड या होरीतल्या दोन्ही वस्त्या त्यात आहेत.

मातीबद्दल थोडं. काठावरची जमीन गाळाची आणि हलकी आहे. सरोवराचं पाणी उन्हाळ्यात ऊन साठवतं आणि शरदात हळूहळू परत देतं, त्यामुळे दंव उशिरा पडतं. समोरच्या रायखेनाउ बेटावर 724 साली मठ स्थापन झाला. भाजीपाल्याची शेती इथे तेव्हापासून मुरली आहे. होरीची ओळख मात्र एका कांद्याने होते. फिकट लाल सालीचा, थोडा चपटा, चवीला सौम्य असा हा कांदा मोस गावाच्या आसपास पिकतो. तो इतका मऊ असतो की यंत्राने काढला तर दुखावतो, म्हणून हातानेच काढतात. आपल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्यासारखाच तो वेण्या घालून विकत असत, आणि अलिबागच्या कांद्यासारखंच त्यालाही नावाचं संरक्षण मिळालं आहे. युरोपीय संघाने ते 2014 मध्ये दिलं. दर वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मोसमध्ये त्याचा उत्सव भरतो.

माणसं इथे मुद्दाम येऊ लागली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. 1904 मध्ये 27 वर्षांचा हेर्मान हेसे बायकोबरोबर गायनहोफेनला एका जुन्या शेतकरी घरात भाड्याने राहायला आला. घरात नळ नव्हता, वीज नव्हती. गावात धड दुकानही नव्हतं, म्हणून सामान आणायला तो होडी वल्हवत समोरच्या श्टेकबोर्नला, म्हणजे दुसऱ्या देशात जाई. पाणी इथे अडसर नव्हतं, तो रस्ता होता. 1907 मध्ये त्याने गावाबाहेर स्वतःचं घर बांधलं, बाग केली, आणि 1912 मध्ये ते सोडून बेर्नला गेला. त्या शेतकरी घरात आता त्याचं संग्रहालय आहे.

हेसेचं भारताशी नातं पुस्तकी नव्हतं. त्याची आई मारी गुंडर्ट 1842 मध्ये केरळातल्या थलश्शेरीला जन्मली. आजोबा हेर्मान गुंडर्ट हे बासेल मिशनचे धर्मोपदेशक आणि मल्याळमच्या मोठ्या शब्दकोशाचे कर्ते. होरीतल्या शांततेत अस्वस्थ झालेला हेसे 1911 मध्ये गायनहोफेनहूनच पूर्वेकडे निघाला. श्रीलंका, मलाया आणि सुमात्रा त्याने पाहिले. भारताच्या भूमीवर मात्र तो उतरला नाही. पुढे स्वित्झर्लंडमध्ये लिहून 1922 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सिद्धार्थ’मध्ये नदीकाठी राहणारा एक नावाडी आहे. रोज वल्हं मारत पाणी ओलांडणाऱ्या लेखकाला तो कुठे भेटला असेल, हे मला गायनहोफेनच्या धक्क्याकडे बघून पटतं. हा माझा तर्क आहे.

हेसे आपल्या मर्जीने आला होता. 1933 नंतर आले ते लोक हाकलले गेले म्हणून आले. चित्रकार ओटो डिक्स याला नाझी सरकारने सत्तेवर येताच ड्रेस्डेनच्या कला अकादमीतून काढून टाकलं. पहिल्या महायुद्धात तो खंदकात लढला होता आणि युद्धाने केलेले हाल त्याने कुणाला बघवणार नाहीत इतक्या खरेपणाने रंगवले होते. हाच त्याचा गुन्हा. त्याची सुमारे 260 चित्रं संग्रहालयांतून जप्त झाली आणि 1937 मध्ये म्युनिकच्या कुप्रसिद्ध प्रदर्शनात त्यातली काही ‘ऱ्हासाची कला’ म्हणून टांगली गेली. डिक्स आधी हेगाउमध्ये आणि 1936 पासून हेमेनहोफेनला राहू लागला. शहरांची, माणसांच्या चेहऱ्यांची सवय असलेला हा चित्रकार आता सरोवर, बर्फाने लगडलेली झाडं आणि स्विस किनारा रंगवू लागला. जुन्या जर्मन उस्तादांच्या पद्धतीने, पातळ पारदर्शक रंगांचे थर एकावर एक चढवत. या निसर्गचित्रांना पळवाट म्हणणारे आहेत. मला ती पळवाट वाटत नाही. त्यातलं आकाश जड आहे, झाडं निष्पर्ण आहेत, आणि 1935 मध्ये त्याने हेगाउमधल्या रांडेग गावाचं हिवाळ्यातलं ज्यू कब्रस्तान रंगवलं ते चित्र त्या काळात रंगवणं हीच एक बाजू घेणं होतं.

डिक्सच्या मागेपुढे बरेच जण आले. कला अकादमीच्या नोकरीतून काढलेला वाल्टर केसबाख, चित्रकार हेल्मुट माके, माक्स आकरमान, आणि 1944 मध्ये बर्लिनचा स्टुडिओ बॉम्बने उद्ध्वस्त झाल्यावर एरिख हेकेल. सरहद्द समोर दिसत होती, पोलीस लांब होते, भाजी स्वस्त होती. नाझी सत्तेच्या त्या बारा वर्षांत होरीने या माणसांना सांभाळलं. डिक्स युद्धानंतरही इथेच राहिला आणि 1969 मध्ये वारल्यावर हेमेनहोफेनच्याच मातीत त्याला ठेवलं.

त्याच काळात हेमेनहोफेनपासून अगदी जवळच्या वांगेनमध्ये दुसरी गोष्ट घडत होती. तिथे सतराव्या शतकापासून ज्यू कुटुंबं राहत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांची संख्या दोनशेच्या वर होती. गुरांचे व्यापारी, फेरीवाले, दुकानदार. शेजारच्या शेतकऱ्यांची बोली तीच त्यांचीही बोली. याकोब पिकार्ड हा कवी याच गावात 1883 मध्ये जन्मला आणि खेड्यातल्या ज्यू जीवनाच्या कथा त्याने लिहून ठेवल्या. त्यांचं 1820 च्या दशकात बांधलेलं प्रार्थनागृह सरोवराच्या काठाशी उभं होतं. 10 नोव्हेंबर 1938 रोजी राडोल्फत्सेलच्या छावणीतून आलेल्या एसएस सैनिकांनी ते जाळलं. 22 ऑक्टोबर 1940 रोजी बाडेन प्रांतातल्या ज्यूंना एकाच वेळी उचलून फ्रान्सच्या दक्षिणेला गुर्सच्या छावणीत नेलं गेलं. वांगेनमध्ये उरलेल्यांचाही त्यात समावेश होता. स्वित्झर्लंड समोर दिसत होतं, अगदी घरं मोजता येतील इतकं जवळ. पण जी सरहद्द चित्रकाराला दिलासा देत होती तिच्यावर पहारा होता, आणि पलीकडचा देशही सगळ्यांना आत घेत नव्हता. हिटलरला मारण्यासाठी म्युनिकच्या बीअर हॉलमध्ये बॉम्ब लावणारा गेओर्ग एल्झर 8 नोव्हेंबर 1939 च्या रात्री कॉन्स्टान्झमध्ये स्विस हद्दीपासून काही पावलांवर पकडला गेला, तेव्हा तो बॉम्ब अजून फुटायचाच होता. वांगेनचा डॉक्टर नाथान वोल्फ वेळेत पलीकडे जाऊ शकला. युद्ध संपल्यावर तो परत आला आणि त्याच गावात पुन्हा रोगी तपासू लागला. मेलेल्या शेजाऱ्यांच्या घरांसमोरून रोज जाणं त्याने पत्करलं, हे मला या द्वीपकल्पाच्या इतिहासातलं सगळ्यात धीराचं काम वाटतं.

युद्धाने आणखी एक निर्वासित या परिसरात आणला. पूर्व प्रशियातल्या समुद्रकाठच्या वाळूच्या दांड्यावर, रोसिटेन गावी, 1901 मध्ये जगातलं पहिलं पक्षीअभ्यास केंद्र सुरू झालं होतं. तो प्रदेश सोव्हिएत रशियाच्या ताब्यात गेल्यावर ते केंद्र 1946 मध्ये बोडानरुकवरच्या म्योगिंगेनच्या वाड्यात आलं. आज ते माक्स प्लांक संस्थेचा भाग आहे आणि पक्ष्यांना बसवलेल्या हलक्या यंत्रांमधून त्यांच्या प्रवासाच्या नोंदी तिथे येतात. एका द्वीपकल्पावरून उठून दुसऱ्यावर येऊन बसलेली ही संस्था.

सरोवरही बदलतं आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीला सांडपाण्यामुळे पाण्यातलं फॉस्फरस धोक्याच्या पातळीला गेलं होतं. मग काठावरच्या देशांनी मिळून शुद्धीकरण केंद्रं बांधली आणि पाणी पुन्हा स्वच्छ झालं. ओबरझेतून झिपलिंगेनला उपसलेलं पाणी आज बाडेन-व्युर्टेम्बेर्गमधल्या सुमारे चाळीस लाख लोकांपर्यंत पोचतं. पण स्वच्छ पाण्यात माशांना खाद्य कमी, त्यात 2016 मध्ये काळ्या समुद्राच्या भागातला क्वागा शिंपला इथे सापडला आणि तो झपाट्याने तळ व्यापू लागला. तो पाणी गाळून उरलंसुरलं खाद्यही संपवतो. ओबरझेत फेल्खेन या इथल्या मुख्य माशाच्या मासेमारीवर 2024 पासून बंदी घालावी लागली.

होर्नश्टाड आणि वांगेनच्या पाण्याखालच्या गावांना वेगळीच भीती आहे. लाटा आणि बोटींचे हेलकावे किनाऱ्याचा गाळ धुऊन नेतात. सहा हजार वर्षं गाळात दडलेले खांब उघडे पडले की काही हिवाळ्यांत झिजून जातात. म्हणून आता पाणबुडे तळाला जाड कापड अंथरतात आणि त्यावर खडी पसरतात, म्हणजे वस्ती पुन्हा झाकली जाते. हे काम बघणारं पुरातत्त्व खात्याचं केंद्र हेमेनहोफेनलाच आहे. डिक्सचं घर आणि ही प्रयोगशाळा एकाच खेड्यात आहेत. खडी टाकण्याआधी प्रत्येक उघड्या खांबाचा एक पातळ काप कापून घेतात, त्यावर क्रमांक घालतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याची वलयं मोजतात.